समाईक विहीर, उंबऱ्याआड

अंबाजीकाका शब्दाचे इतके पक्के, की त्यांच्याशी थट्टा करणाऱ्यालाच पुढे निस्तरावं लागतं. मी निस्तरलंय.

माझे वडील भीमाशंकर आणि हे थोरले काका. सीमाभागातल्या आमच्या मेहकरात शेताच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहीर समाईक राहिली, चार-चार दिवसांची पाळी ठरली. पुढे पाळीवरूनच वाजलं. "तुमच्या पाळीत थेंब घेणार न्हाई," असं काका म्हणाले, आणि तेव्हापासून आठ वर्षं दोघे भाऊ एकमेकांच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. घरं मात्र भिंतीला भिंत लागून.

दोन हजार दहा साली मी घरी कंप्युटर घेतला, त्यावर लिनक्स. काकांच्या घरी त्यांच्या मुलीसाठी, तेजश्रीसाठी घेतलेला विंडोजवाला, सोबत प्रिंटर. इंटरनेट फक्त माझ्याकडे. भिंतीवरून वायर टाकली, दोन्ही कंप्युटरांमध्ये दुभाषी म्हणून 'सांबा' नावाचा प्रोग्राम बसवला. देवाचं नाव म्हणून काका खूश झाले. दोन्हीकडून उघडेल अशा फोल्डरला मी गमतीनं 'विहीर' नाव दिलं.

"पाळी कशी?" काकांनी विचारलं.

शेतातल्यासारखीच, असं मी हसत बोलून गेलो.

मंगळवारी तेजश्रीच्या नर्सच्या नोकरीचं मुलाखतीचं पत्र माझ्या मेलवर आलं. बुधवारी सकाळी गुलबर्ग्याला ते कागदावर दाखवायचं होतं. मी पत्र विहिरीत टाकलं, तिला सांगितलं आणि कामासाठी उदगीरला गेलो. दुपारी तिचा रडवेला फोन आला. काका कंप्युटरसमोर मांडी ठोकून बसले होते. शुक्रवारपर्यंत पाळी माझ्या वडिलांची, म्हणून ते पत्राला हात लावू देत नव्हते.

काका, मी थट्टा केली होती, असं मी फोनवर दहादा सांगितलं. ठरलं ते ठरलं, म्हणाले. पोरीच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर माझ्या एका थट्टेनं पाणी पडणार होतं.

मग फोनमध्ये म्हाळसाकाकूंचा आवाज आला. "अवो, पाळी पिकाला असती. तहानलेल्या लेकराला घागरभर पाण्यासाठी कुणी पाळी इचारतंय व्हय?"

खरंच होतं ते. पिण्याच्या पाण्याला आमच्याकडे कधीच पाळी नव्हती. थोड्या वेळानं प्रिंटरची घरघर ऐकू आली.

नंतर काकांनी एका बोटानं टाइप करून विहिरीत दुसरं फोल्डर केलं, 'घागर'. त्याला पाळी नाही. महिन्याभरानं तेजश्रीच्या नेमणुकीची ऑर्डर टपालानं आली, त्या कागदाचा फोटो काकांनी आमच्या पाळीच्या दिवशी बिनधास्त घागरीत टाकला. मी तो वडिलांना दाखवला आणि काकूंचं बोलणंही सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं, टोपी घातली आणि बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते.

काकांच्या उंबऱ्यावर ते टेकले. म्हणाले, "दादा, तहान लागलीय."

काका स्वतः तांब्या घेऊन आले.