चौथ्या ठोकळ्याचं पारायण

आमच्या घरी त्या सात दिवसांत देवाधर्माचं काहीही चाललेलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. अडचण एवढीच, की शपथ घ्यायला ज्या पुस्तकावर हात ठेवायचा, त्याच पुस्तकानं सगळा घोळ घातला.

तर झालं असं. आम्ही कोल्हापुरातली सहा मोठी माणसं (वयानं मोठी म्हणतोय) एक वाचक मंडळ चालवतो. आम्ही फक्त अद्‌भुत आणि विज्ञानकथा वाचतो. ज्या कादंबरीत पहिल्या दहा पानांत एखादा राक्षस, यान, नाहीतर जादा चंद्र येत नाही, तिला आम्ही हात लावत नाही. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि प्रत्येकानं 'सध्या काय वाचतोय' ते सांगायचं. मंडळाचे अध्यक्ष देसाई सर, म्हणजे विज्ञानाचे निवृत्त मास्तर. त्यांनी सभासदांचे दोन वर्ग पाडलेत: वाचक आणि श्रोता. वाचकानं बोलायचं, श्रोत्यानं ऐकायचं आणि चहाच्या कपबश्या उचलायच्या.

मी वाचक होतो. म्हणजे अकरा महिने मी दर बैठकीत उभं राहून एकच वाक्य बोलत होतो, "सध्या चौथा ठोकळा. पान बहात्तर."

ठोकळा हे आम्ही लाडानं ठेवलेलं नाव. आठ खंडांच्या त्या कादंबरीतला चौथा खंड अकराशे आठ पानांचा आहे. छातीवर घेऊन वाचला तर श्वास कोंडतो, आणि हातातून निसटला तर खालच्या मजल्यावरचे लोक भूकंप समजून बाहेर येतात. मंडळाकडे त्याची एकच प्रत होती, आणि बाकीचे चौघे ती वाचून मोकळे झाले होते. ती माझ्याकडे. आणि बँकेत असलेली आमची सभासद वैशाली तिच्यासाठी अकरा महिने ताटकळत होती.

"सर, ह्यांनी पुस्तक वाचायला घेतलंय का उशाला?" वैशालीनं भर बैठकीत विचारलं.

सर चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "विलासराव, आता महिनाभर थांबायचं नाही, एक जादा बैठक येत्या रविवारी दुपारी, तुमच्याच घरी. तोवर ठोकळा संपला, तर तुम्ही वाचक. नाही संपला, तर पुस्तक वैशालीला, आणि तुम्ही श्रोता."

श्रोता! उद्यमनगरात पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा, म्हणजे त्यांना नवी तार गुंडाळणारा माणूस मी. जळक्या मोटारीतून तारेचा शेवटचा वेढा निघेपर्यंत मी जेवायला उठत नाही. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, "सात दिवसांत संपवतो. नाही संपवला, तर नावाचा विलास नाही!"

सोमवारपासून दुकान बंद ठेवलं. हिशेब सोपा होता, रोज एकशे अठ्ठेचाळीस पानं. झोप येऊ नये म्हणून पहाटे पाचला गार पाण्यानं अंघोळ. अंग आखडू नये म्हणून सोवळ्याचं नाही, पण नुसतं धोतर. (पँट घालून मांडी घालता येत नाही. पोटाचा प्रश्न आहे.) आमच्या घरात मोबाईलला अजिबात रेंज नसलेली एकच जागा आहे, ती देवघरासमोर, म्हणून तिथं पाट. ठोकळा हातात पेलवत नाही, म्हणून तो चौरंगावर. मंडळाच्या प्रतीला डाग पडू नये म्हणून खाली बायकोचा एक खण. डास फार होते आणि कॉइल संपली होती, म्हणून दोन उदबत्त्या. आणि एकशे अठ्ठेचाळीस पानं होईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, हा निर्धार.

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

त्याच सकाळी गारगोटीहून माझी आत्या आली. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आता नवा चष्मा करायचा होता. दारातून तिनं मला पाहिलं आणि चपला बाहेरच काढून हात जोडले.

"सुनीता, कवा बसलाय ह्यो?" तिनं माझ्या बायकोला दबक्या आवाजात विचारलं.

"आजच. सात दिवस बसणार म्हणतात," बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली. तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं.

"सात दिवस! देवा, पोरगं सुधारलं गं माझं!"

मी हातानंच 'तसं नाही' अशी खूण केली. आत्यानं त्याला आशीर्वाद समजून डोकं टेकवलं, आणि एकशे चाळिसाव्या पानावर हळदकुंकू वाहिलं. त्या पानावर एक राक्षसीण सेनापतीचं काळीज चावून खात होती. मला तोंड उघडायचं होतं. पण एक वाक्य बोललो, तर आत्या चारशे वाक्यं बोलेल आणि माझी वीस पानं जातील, हा हिशेब केला आणि गप्प बसलो. इथंच मी बुडालो.

तरी सोमवार-मंगळवार निभावलं. शिक्कामोर्तब झालं ते बुधवारी. त्या दिवशी शेजारच्या पाटील वहिनींनी रीतीप्रमाणं वाटीभर तांबडा रस्सा पाठवला. जड जेवलं की मला झोप येते, म्हणून मी मान हलवून वाटी परत धाडली. कोल्हापुरात धडधाकट माणूस बुधवारी मटणाला नको म्हणाला, तर त्याची दोनच कारणं असतात. एकतर डॉक्टर, नाहीतर देव. आणि मी आजारी दिसत नव्हतो.

संध्याकाळी पाचच्या आत सगळी गल्ली घरात! नारळ, केळी, फुलं. एकानं माझ्या गळ्यात हार घातला. झेंडूच्या पाकळ्या थेट तिसऱ्या चंद्राच्या लढाईवर पडल्या. पाटील वहिनी पुढं सरकून बसल्या.

"भावजी, मनातल्या मनात काय वाचताय? जरा मोठ्यानं वाचा की! आमच्या बी कानावर चार शब्द पडू देत."

"व्हय रं इलास," आत्या म्हणाली. "मी बी बसतो हितं."

निर्धार म्हणजे निर्धार. वाचन थांबवायचं नव्हतं, मग मोठ्यानं तर मोठ्यानं! मी घसा खाकरून सुरू केलं. आकाशसर्पानं तिसरा चंद्र गिळला. राजा वज्रकेतू यानातून उडी मारून सर्पाच्या जबड्यात शिरला आणि आतून दात मोजत बसला. लोक हात जोडून ऐकत होते. मध्येच पाटील वहिनींचा प्रश्न, "ह्यो राजा कुठल्या पुराणातला?"

मी पाणी प्यायलो. आत्या गरजली, "गप ऐका! मदी बोलायचं न्हाय!"

मनात वाचताना दोन-तीन मिनिटांत पान जात होतं. मोठ्यानं वाचताना पाच मिनिटं लागायला लागली. त्यात गुरुवारी पाटील वहिनींचे यजमान आले. ते म्हणाले, कालचं ऐकायचं राहिलं, पुन्हा पहिल्यापासून घ्या. शुक्रवारी नेसरीहून त्यांचे पाहुणे आले, म्हणून पुन्हा आकाशसर्प! तो सर्प मी तीन वेळा मारला. तिसऱ्या वेळी तर तो मरताना माझ्याकडं बघून 'आता पुरे की रं' म्हणाला, असं मला स्पष्ट वाटलं.

पहाटे पाचला उठत असल्यानं पहिल्या दिवसापासून दुपारी एक ते चार मी आडवा व्हायचो, आणि आता तर घशाचं पार वाळवंट झालं होतं. त्या वेळी नवा चष्मा लावलेली आत्या पुस्तकापाशी 'राखण करत' बसायची. किती भक्ती, असं वाटून मला भरून यायचं.

शनिवारी बायको पुढ्यात येऊन उभी राहिली.

"अहो, उद्या साठ पानं करायची आहेत."

मी खुणेनंच सांगितलं, साठ नव्हे, पाचशे राहिलीत.

"पुस्तकाची नव्हे, जेवायची! आत्यांनी गल्लीला सांगितलंय, सात दिवस झाले की समाप्तीचं जेवण. पुरण मी शिजवणार, पोळ्या पाटील वहिनी लाटणार, आणि वाढायला तुम्ही. आणि खुणा करू नका, खुणा करायला लागलात की लोक नमस्कार करतात!"

रविवारी सकाळी मी पान सहाशे तेरावर होतो. दारात मांडव, रांगोळी, पंगत. दुपारी देसाई सर मंडळाला घेऊन आले. मांडव बघून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"विलासराव, साध्या बैठकीसाठी एवढं? अहो, वाचनसंस्कृती जिवंत आहे कोल्हापुरात!"

"ठोकळा कुठाय?" वैशालीनं विचारलं. तिला मांडव दिसतच नव्हता.

आता मात्र लपवण्यात अर्थ नव्हता. मी उठलो, पंगतीसमोर हात जोडले आणि सात दिवसांत पहिल्यांदा स्वतःचं वाक्य बोललो.

"मंडळी, माफ करा. हे पारायण नव्हतं. ही कादंबरी आहे."

कुणी जेवायचं थांबलंही नाही. मग पाटील वहिनी पुरणपोळीचा घास गिळून म्हणाल्या, "ते आमास्नी बुधवारीच कळलं की! देव कवा यानात बसून च्या पितोय व्हय?"

"मग तुम्ही नारळ कशाला आणत होता?"

"नारळाबिगर आत्या आत सोडीत नव्हत्या!"

मी आत्याकडं वळलो. "आत्या, तुला कधी कळलं?"

"मला मंगळवारी," ती शांतपणे म्हणाली. "चष्मा आल्या-आल्या मी पयलं पानच उघडलो. पर तुला उठवला असता, तर तू पुस्तक उचलून माडीवर गेला असतास की रं. मग मी काय वाचू?"

"म्हणजे राखण करत नव्हतीस?"

"संपिवलो मी. काल दुपारी. शेवट काय हाय बाबा! अंगावर काटा आला माझ्या."

तीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई. अकराशे आठ पानं, पाच दुपारी! आणि माझ्या झोपेत!

सगळी पंगत ओरडली, "शेवट सांगा! वज्रकेतूचं काय झालं?" आत्या पदर खोचून आत माझ्या पाटावर जाऊन बसली, आणि तिच्यामागं सगळे घरात. देसाई सरांनी हात वर केला.

"एक मिनिट! मंडळाचा दंडक आहे. गल्लीतली मंडळी सभासद नाहीत, त्यांनी खुशाल ऐकावं. पण ज्या वाचक सभासदाचं पुस्तक अर्धवट आहे किंवा वाचायचंच राहिलंय, त्याच्या कानावर शेवट पडता कामा नये. वैशाली, तुम्ही ठोकळा घ्या आणि बाहेर बसा. विलासराव, तुम्हीही बाहेर."

"सर, मी हरलो ना! मला श्रोता करा. हा बघा, मी कपबश्या उचलतो! श्रोता म्हणून आत बसतो!"

सरांनी मंडळाकडं पाहिलं. मंडळानं आत्याकडं पाहिलं. आत्यानं 'न्हाय' अशी मान हलवली.

"छे छे," सर म्हणाले, "सात दिवस तपश्चर्या केलीत तुम्ही. तुम्हाला श्रोता कसं म्हणायचं? मंडळ एकमतानं ठरवतंय, तुम्ही वाचकच!"

टाळ्या पडल्या. दार लागलं. पायरीवर माझ्याशेजारी वैशाली ठोकळ्यात डोकं खुपसून बसली होती. मी जरा वाकून पान बघायला गेलो, तर म्हणाली, "उजेड सोडा."

आतून साठ माणसांचा एकदम 'अगंऽऽ बाई!' असा आवाज आला. तेवढ्यात जेवणाचा वास घेत एक अनोळखी गृहस्थ फाटकाशी थांबले.

"पावणं, आत काय चाललंय?"

"वाचक मंडळाची बैठक."

"आन तुमी भायेर कसं?"

मी छाती फुगवून सांगितलं, "मी वाचक हाय!"