बदकं चालवणारी रुक्माबाई

शिरड शहापूरजवळच्या बंजारा तांड्यावरची रुक्माबाई रोज सकाळी साठ बदकं हाकत तलावावर नेते आणि चालवतच परत आणते. जाऊन-येऊन दोन किलोमीटर. वर त्यांना सोयाबीनची पेंड खायला घालते. तांडा हसला तेव्हा ती म्हणाली, "आपल्या वाडवडलांनी धान्य-मीठ लादलेले बैल देशभर चालवले. मग म्या बदकं चालवायला काहून लाजू?"

मी जवळा बाजार गावात खाटीक आहे. गेल्या आठवडी बाजारात बदकांच्या एका बेपाऱ्यानं माझ्याच काट्यावर तिचं बदक अन् त्याचं बदक तोललं. त्याचं पाव किलो जास्त भरलं.

"मावशी, वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन द्या अन् कोंडून ठेवा," तो म्हणाला. "चालून चालून तुमच्या बदकांची हाडं उरून राहिली."

रुक्माबाई माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "भाऊ, दोन्ही काप. कातडं, चरबी, हाडं बाजूला काढ अन् नुसतं मांस तोल."

त्याच्या बदकाची पिवळी चरबी माझ्या बोटांना चिकटत होती. तिच्या बदकाची छाती लाल आणि घट्ट होती. मांस तोललं, तर तिचं भारी भरलं. बेपाऱ्यानं पुन्हा तोलायला लावलं, तरी तेच.

तो हळूच तिच्याजवळ सरकला. "खरं सांगा मावशी, औषध कोणतं देता?"

"उद्या सकाळी सहाला तांड्यावर या, दाखवते," ती म्हणाली. मग त्याच्या चकचकीत बुटांकडे बघून म्हणाली, "हे मात्र घालून येऊ नका."