शनिवारची खूण

आम्ही २००१ मध्ये अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला आलो. नवऱ्याचा प्रोजेक्ट होता, मी डिपेंडंट व्हिसावर. नागपूरच्या एका कॉलेजात मी नऊ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं. इथे मला नोकरी करायची परवानगीच नव्हती. मुलगी शाळेत आणि नवरा ऑफिसात गेला की मी भांडी घासायची, वरण लावायचं आणि खिडकीतून टाउनहाउसच्या मागची पडीक जागा बघत बसायचं.

त्या जागेत एक म्हाताऱ्या जपानी बाई रोज वाकून काहीतरी वेचताना दिसायच्या. आमच्यापासून चौथं घर त्यांच्या मुलीचं. जपानमधल्या डोंगराळ भागातलं आपलं गाव सोडून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. नातवंडं त्यांना ओबाचान, म्हणजे आजी, म्हणायची, म्हणून कॉलनीतली सगळी मुलंही तेच म्हणू लागली. मी पण.

एके दिवशी मी खाली उतरून विचारलं, काय करताय? त्यांनी मला प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी भरलेली पिशवी दाखवली. मग झाडांखालच्या ओलसर खळग्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "फ्रॉग. बिफोर, मेनी फ्रॉग. आय थिंक."

त्यांचं इंग्रजी तेवढंच. पण त्यांच्याकडे फोटो होते. त्यांच्या गावातली तरुण माणसं शहरात निघून गेली होती, भाताची खाचरं ओस पडली होती, पाट सिमेंटचे झाले होते आणि औषधांच्या फवारणीने बेडूक, काजवे सगळं संपलं होतं. मग उरलेल्या म्हाताऱ्या माणसांनी आणि शाळेतल्या सतरा मुलांनी मिळून एक पाट पुन्हा मातीचा केला. फवारणी थांबवली. दर वसंतात मुलं बेडकांची अंडी मोजायची आणि शाळेच्या भिंतीवर लिहायची. चौथ्या वर्षी काजवे आले. हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांची बोटं मिटून उघडून दाखवली. शब्द सापडला नव्हता, पण मला समजलं.

आमच्या मागच्या खळग्यात पाणी साठू नये म्हणून बिल्डरने एक पाइप घातला होता. ओबाचाननी आणि मी कॉलनीच्या असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन तो बुजवायची परवानगी मागितली. बोलले मी. किती महिन्यांनी मी कुणाला काही समजावून सांगत होते! परवानगी मिळाली. आठ-दहा घरं पुढे आली, त्यांतली चार मराठी. शनिवार-रविवारी आम्ही कचरा काढला, झाडांना गिळणाऱ्या वेली उपटल्या, गवत कापणाऱ्या माणसांना कडेला औषध मारू नका म्हणून सांगितलं. हिवाळ्यात खळगा भरला. मार्चमध्ये, कडेला अजून बर्फ असतानाच, त्यात बेडूक ओरडायला लागले. पाण्यात अंड्यांचे पारदर्शक गोळे तरंगत होते. मुलांनी मोजले, एकवीस.

मुलांना मी सगळं सांगायचे. अंड्यातून बेडूकमासा कसा होतो, आधी मागचे पाय येतात, मग पुढचे, मग शेपटी आटते. हा बेडूक अशाच डबक्यात अंडी घालतो, कारण डबकं उन्हाळ्यात आटतं म्हणून तिथे मासे नसतात. ओबाचान एखादं पान उचलून त्याखालचं काही दाखवायच्या आणि मी त्याचं नाव सांगायचे. मुलं मला टीचर म्हणायला लागली. घरी येऊन मी आरशात बघायचे.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात पाऊस कमी झाला. अंडी आली, पिल्लं झाली, पण मे महिन्यात डबकं दोन खाटा मावतील एवढंच उरलं. बेडूकमाश्यांना मागचे पाय फुटले होते. अजून दोन-तीन आठवडे पाणी हवं होतं. शंभर पावलांवर ओढा होता, घोट्याएवढ्या पाण्याचा. रोज संध्याकाळी एका घराने तिथून वीस बादल्या आणून ओतायच्या असं ठरलं. तक्ता मी केला. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून झाडाला बांधला, सोबत पेन्सिल. पाणी घातलं की आपल्या दिवसापुढे खूण करायची. सगळ्यांना उभं करून मी बजावलं, "एक दिवस चुकला तरी चालणार नाही. पाणी झिरपतंय आणि ऊन वाढतंय."

शनिवार आमचा होता. रविवार माझ्या मुलीच्या जिवलग मैत्रिणीचा. ती नऊ वर्षांची, मुंबईहून आलेल्या कुटुंबातली. तिची आई मला ताई म्हणायची. मुलगी गंभीर आणि हळू बोलणारी होती. बेडूकमासा तळहातावर घेतला की श्वास रोखून धरायची.

त्या शनिवारी न्यू जर्सीत पिस्कॅटवेला नवऱ्याच्या चुलतभावाची वास्तुशांत होती. सकाळी सहाला निघायचं, रविवारी परत. शुक्रवारी रात्री मी पुरणपोळ्या केल्या, साड्या इस्त्री केल्या. डबकं डोक्यातून पार निघून गेलं. बाल्टिमोर मागे पडल्यावर एकदम आठवलं. पर्समध्ये फोन होता. ओबाचानच्या लेकीला फोन करून सांगितलं असतं तर कुणीही पाणी घातलं असतं. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. ज्या बाईने सगळ्यांना बजावलं तीच विसरली, हे कसं सांगू? एका दिवसाने काही होत नाही, असं मी मलाच सांगितलं. होतं, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

रविवारी आम्ही उशिरा पोचलो आणि झोपलो. सोमवारी उजाडताच मी मागे गेले. डबक्याच्या जागी चिखल होता. चिखलावर कावळे. बेडूकमासे एकमेकांना चिकटून वाळले होते, काहींना पुढचे पाय फुटत होते. तक्त्यावर शुक्रवारपर्यंत खुणा होत्या. शनिवारचा चौकोन रिकामा. रविवारचाही रिकामा. मी पेन्सिल घेतली आणि शनिवारसमोर खूण केली.

त्या क्षणी रविवारचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. पण संध्याकाळी मुलं जमली, तेव्हा तो विचार करायला मला भरपूर वेळ होता.

एका मुलाने तक्ता वाचला. शनिवारी खूण आहे, रविवारी नाही. सगळे त्या मुलीकडे वळले.

ती इंग्रजीत म्हणाली, "मी आले होते. पण पाणीच नव्हतं. ते आधीच मेले होते."

"मग टिक का नाही केलंस?"

"मी पाणी घातलंच नाही ना. मग टिक कशी करणार?"

तिचे बाबा एरवी तिच्याबरोबर यायचे, पण त्या रविवारी ते ऑफिसात होते. ती एकटीच आली होती. घरी जाऊन तिने आईला सांगायला घेतलंही होतं, पण आई तेव्हा मुंबईला फोनवर बोलत होती. आईने तिला हातानेच गप्प केलं, हे मला फार नंतर कळलं. आता तीच आई सगळ्यांसमोर म्हणाली, "असं कसं होईल? काकूंनी शनिवारी वीस बादल्या घातल्या. एका दिवसात सगळं आटेल का? विसरलीस तर विसरलीस म्हण. सॉरी म्हण सगळ्यांना."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी शास्त्र शिकलेली होते. पाणी एका दिवसात आटेल की नाही हे मी सांगू शकत होते. मी खाली वाकून काठी उचलली आणि चिखलात काहीतरी ढवळलं.

ती सॉरी म्हणाली.

ओबाचान पुढे आल्या. त्या म्हणाल्या की त्यांच्या गावीही पहिल्या वर्षी कुणीतरी पाटाचं दार उघडं ठेवलं आणि सगळी पिल्लं गेली. "हू, वी डोन्ट आस्क," एवढं म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं बोलणं मुलांना मी नेहमी नीट करून सांगायचे. त्या दिवशी मी म्हणाले, "ओबाचान म्हणतात, आता घरी जा."

त्या रात्री जेवताना माझी मुलगी म्हणाली, "आई, पण आपण तर सॅटरडेला न्यू जर्सीला होतो."

"मी निघायच्या आधी जाऊन आले. तू झोपली होतीस."

तिने लगेच विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तिने मैत्रिणीशी बोलणं बंद केलं. नवऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताट उचलून ठेवायला गेला. पहाटे मी घरातच होते हे त्याला माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

शाळेचं वर्ष संपल्यावर त्या कुटुंबाची फ्रिस्कोला, टेक्ससमध्ये बदली झाली. निरोपाला मी गुळाच्या पोळ्या दिल्या. मुलगी माझ्या पाया पडली. आईने सांगितलं म्हणून.

पुढच्या मार्चमध्ये बेडूक परत आले. मोठे बेडूक रानात काही वर्षं जगतात, एक पिढी गेली तरी ते पुन्हा अंडी घालतात. हे मी मुलांना समजावून सांगितलं. सगळी खूश झाली. मुलांनी अंड्यांचे एकोणीस गोळे मोजले. मी मोजले नाहीत.

त्यानंतरच्या वर्षी ओबाचान गावी परत जायला निघाल्या. त्यांना आपल्या गावात मरायचं होतं, असं त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. मी त्यांना जेवायला बोलावलं. वरणभात त्यांना आवडायचा. त्यांनी चमचा ठेवला तेव्हा मी म्हणाले, "ओबाचान, दॅट सॅटरडे, आय डिड नॉट गो."

त्या जराही दचकल्या नाहीत. त्यांना माहीत होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी स्वतःच्या छातीला हात लावला, मान हलवली. "मी, नो नीड." मग हात जमिनीपासून तीन-चार फुटांवर धरून लहान मुलाची उंची दाखवली. "टेल हर."

मला वाटलं होतं त्या मला माफ करतील आणि ते तिथेच संपेल. ओबाचान गेल्यावरही मला आठ महिने लागले.

शेवटी एका दुपारी फ्रिस्कोला फोन लावला. तिच्या आईने उचलला. "अय्या ताई, किती दिवसांनी!" मी तिला बोलू दिलं नाही, एका दमात सगळं सांगितलं.

"मी तिला सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं, ताई," ती हळू म्हणाली. "ती मला आदल्या दिवशी सांगत होती. मी तिला हाताने गप्प केलं होतं."

"तुझी काही चूक नाही."

"ते तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. मग तिने मुलीला हाक मारली.

मुलगी आता अकरा वर्षांची होती. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. खूण मी खोटी केली. तू खरं बोलत होतीस.

"पण काकू," ती इंग्रजीत म्हणाली, "मी विसरलेच होते. मी टीव्ही बघत होते. आय रिमेंबर."

"नाही गं बाळा. तू गेली होतीस. तू सगळ्यांना सांगितलंस की पाणी नव्हतं."

"मी असं म्हटलं?"

"हो."

"मला वाटतं, मी तेव्हा खोटं बोलले," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. कुणावर रागावलेला नव्हता. दोन वर्षांत तिने आमचं म्हणणं खरं मानलं होतं, आणि त्याला साजेसा टीव्हीही तिच्या आठवणीत चालू केला होता.

मी तीनदा सांगितलं. ती "ओके" म्हणाली आणि फोन आईला दिला.

त्या संध्याकाळी मी माझ्या मुलीला सांगितलं. ती ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मी तिला बर्थडेला पण नाही बोलावलं," आणि जिना चढून वर गेली. पुढचे कित्येक आठवडे मी काही सांगितलं की ती विचारायची, "शुअर?" रविवारी डबक्यापाशी जमलेल्या सगळ्यांना मी सांगितलं. मोठी माणसं इकडेतिकडे बघत म्हणाली, "अहो, होतं असं, कशाला एवढं?" एक लहान मुलगी तेवढी म्हणाली, "दॅट वॉज मीन." मला तिचंच बरं वाटलं.

२००८ मध्ये नवऱ्याचं फ्रिस्कोजवळच्या डॅलसला काम निघालं, तेव्हा मी मुलीला घेऊन बरोबर गेले. त्या कुटुंबाने जेवायला बोलावलं. मुलींनी आधी लाजत, मग भराभर बोलायला सुरुवात केली. तिच्या आईने आदराने वाढलं, पण ताई म्हणाली नाही. जेवणानंतर ती मुलगी, आता तेरा वर्षांची आणि माझ्याएवढी उंच, अंगणात माझ्याशेजारी येऊन बसली.

"काकू, मी पुष्कळ प्रयत्न केला," ती म्हणाली. "मला अजून टीव्हीच आठवतो. मी तिथे गेले तेव्हा कसं होतं? तुम्ही सांगा ना."

मी तिला चिखल सांगितला, कावळे सांगितले, फुटत असलेले पुढचे पाय सांगितले. मग थांबले. ते सगळं मी सोमवारी सकाळी पाहिलेलं होतं. रविवारी संध्याकाळी तिथे ती एकटीच होती. तिने हातातल्या बादल्या कुठे ठेवल्या, किती वेळ उभी राहिली, घरी पळत गेली की चालत, ते मला माहीत नव्हतं.

"ते मला नाही सांगता येत," मी म्हणाले.

"इट्स ओके," ती म्हणाली आणि थोडा वेळ माझ्याजवळ तशीच बसून राहिली. मग आतून माझ्या मुलीने हाक मारली आणि ती उठून गेली.