लालचं हिरवं

पुण्याकडचे नवे मॅनेजर येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त हुरळून गेलो तो मीच. मोहालीच्या आमच्या ऑफिसात दिवसभर हिंदी, पंजाबी, इंग्रजी. मराठी फक्त फोनवर, तीही चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या खोलीवर परतल्यावर. साहेब पहिल्याच दिवशी माझ्याशी मराठीत बोलले आणि मी त्यांना मनातल्या मनात घरचं करून टाकलं. इथे आलेली आम्ही मराठी माणसं ही चूक हमखास करतो.

दर सोमवारी टीमच्या तक्त्यात प्रत्येकाने आपल्या कामापुढे रंग लावायचा असतो. सुरळीत असेल तर हिरवा, अडलं असेल तर लाल. साहेबांनी आल्या आल्या सांगितलं, "लाल असेल तर लालच दाखवा. मला खरं बोलणारी माणसं आवडतात." टेस्टिंग करणाऱ्या लुधियानाच्या मुलीला ते पटलं. ती अजून प्रोबेशनवर होती. तिने लाल लावला, तपासणी अपुरी आहे, थोडं थांबू या म्हणाली. साहेबांनी आमच्यादेखत तो हिरवा केला.

सॉफ्टवेअर क्लायंटकडे गेलं आणि दुसऱ्याच दिवशी कोसळलं. वरिष्ठांबरोबरच्या कॉलवर साहेबांनी सरळ सांगितलं, टेस्टिंगने मला काही कळवलंच नव्हतं. ती त्यांच्या शेजारीच बसली होती. मी म्हणालो, "सर, उसने लाल लगाया था." साहेब हसले आणि त्यांनी पुढचा मुद्दा घेतला.

नंतर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वर असं बोलावं लागतं रे. तू तरी समजून घे, आपला माणूस ना तू?" मला त्या 'आपला'ची किळस आली. तिचं प्रोबेशन वाढलं ते वाढलंच.

आधीचे सरदारजी साहेब भाषणं देत नसत. एकदा असंच बिघडलं तेव्हा कॉलवर "पाठवा असं मीच म्हटलं होतं" एवढंच बोलले आणि आमच्याबरोबर दुरुस्तीला बसले. त्यांच्यासाठी आम्ही रविवारीसुद्धा आपणहून यायचो.

आता सहा वाजले की सगळे उठतात. ती मुलगी लॅपटॉप न उघडताच हिरवा सांगते. मीही सांगितलं तेवढंच करतो. थकलोय, पण कामाने नाही.

परवा मीटिंगनंतर साहेबांनी मला थांबवून घेतलं. "पूर्वी ही टीम म्हणे जीव ओतून काम करायची. काय झालंय रे या लोकांना?"

त्यांना खरंच कळत नव्हतं.

"पता नहीं, सर," मी म्हणालो.