रहाडवाले काका

सकाळी साडेसातला ते चौकाच्या मधोमध यायचे, उजव्या पायातली चप्पल काढायचे आणि टाच जमिनीवर तीनदा आपटायचे. मान तिरकी करून ऐकायचे. "आहे," असं स्वतःशीच म्हणायचे आणि चप्पल सरकवून चालू लागायचे. मागं रिक्षावाला हॉर्न वाजवून दमलेला असायचा.

लग्न होऊन जुन्या नाशकात आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा जरा सटकलेला असावा. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही तेच वाटलं असतं. मी सटाण्याची, शेतातल्या घरातली. इथं चौकातलं सासऱ्यांचं झेरॉक्सचं दुकान माझ्याकडं आलं, आणि दुकानातून समोर बघितलं की हे टाच आपटताना दिसायचे. एक दिवस राहवलं नाही. 'काय आहे तिथं' असं विचारायला गेले आणि नेमकी तोंडून अहिराणी गेली, "काका, काय शे तठे?"

ते गर्रकन वळले. "शे! बरोबर बोललीस. खाली रहाड शे." त्या दिवसापासून माझं नाव 'सटाणेवाली' पडलं.

रहाड म्हणजे जमिनीखाली दगडात बांधलेला चौकोनी हौद. आमच्या चौकातली दीड पुरुष खोल आहे. वर्षभर तिच्यावर लाकडाचे जाड ओंडके, ओंडक्यांवर माती, मातीवर फरश्या आणि फरश्यांवरून टेम्पो. रंगपंचमीला ती उघडायची, रंगाच्या पाण्यानं भरायची, आणि लोकांनी काठावरून आत उड्या टाकायच्या. त्या उडीला आम्ही धप्पा म्हणतो. एका दिवसाचा खेळ; पण काकांना उरलेले दिवसही चैन नसायची. खाली ओंडका कुजला नाही ना, पाणी शिरलं नाही ना, हे ते टाचेनं विचारून घ्यायचे.

नोकरी त्यांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात केली, बॉयलरवर. निवृत्त झाले तरी पाय ड्यूटीवरच होते. बसलेले मी त्यांना पाहिलंच नाही. दुकानात चहा मागवला की कप घेऊन चालायला लागायचे. माझे कप संध्याकाळी मेडिकलमधून, पिठाच्या गिरणीतून, कधी देवळाच्या कट्ट्यावरून परत यायचे. लग्नाच्या पंगतीतही ते उभ्यानंच जेवायचे, बुफे यायच्या कितीतरी आधीपासून.

"बसा की काका दोन मिनिटं."

"बॉयलर सोडून कुणी बसतं का?"

"आता कुठला बॉयलर?"

यावर ते हातानंच उडवून लावायचे. घरी एकटेच होते, मुलगा पुण्यात. दोन खोल्यांत त्या पायांना जागा पुरत नसावी.

दोन वर्षांपूर्वी चौकातल्या रस्त्याचं काम निघालं. फरश्या उखडल्या, माती खरवडली, आणि कळलं की इथून तिथून सगळं काँक्रीट होणार. काकांनी अर्ज लिहिला. झेरॉक्सला आणला तेव्हा मी वाचला. रहाडीची लांबी, रुंदी, खोली, आणि शेवटी, 'तरी मेहेरबानी करून तिला बुजवू नये.' जणू कुणा बाईसाठी रदबदली करत होते. अर्ज घेऊन ते रोज महापालिकेच्या ऑफिसात जायचे. साहेब मीटिंगला, साहेब साइटवर, साहेब रजेवर. चौथ्या दिवशी शिपायानंच त्यांना चहा पाजला म्हणे, तोही ते जिन्यात फिरत प्यायले असणार.

कामावरचा इंजिनिअर पोरसवदा होता. वागायला वाईट नव्हता. "काका, मला जे ड्रॉइंग दिलंय त्यात खड्डा नाहीये ना. मी काय करू? उद्या काँक्रीट पडणार."

"खड्डा नाही. रहाड."

"तेच ते."

काकांचे कान लाल झालेले मला दुकानातून दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काँक्रीटची गाडी चौकाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. मोठं पिंप गरगर फिरत होतं. काका दुकानात आले आणि दोन्ही हातांनी काउंटर धरून उभे राहिले. इतके थांबलेले ते मला अनोळखीच वाटले.

"सटाणेवाली, पुरुष कुठं गेले सगळे?"

"कामावर, काका. सातपूरला, अंबडला. संध्याकाळशिवाय कोण येतंय?"

ते बाहेर बघत राहिले. चौकात त्या वेळी कोण होतं? पापड लाटणाऱ्या दोघी जावा, भाजी निवडत बसलेल्या बायका, शिकवणी घेणाऱ्या समोरच्या बाई. रहाडीच्या ओंडक्यांना बाईनं हात लावायचा नाही, अशी रीत. कुणी घातली, ते कुणालाच माहीत नाही.

"माझ्या आईनंसुद्धा कधी हात लावला नाही," ते म्हणाले. मग एकदम माझ्याकडं वळले. "पहार उचलता येते तुला?"

"शेतातली आहे मी, काका."

"मग शटर ओढ."

मी शटर ओढलं. समोरच्या बाईंना हाक मारली. त्यांनी पोरांना पाढे लिहायला लावले आणि पदर खोचून खाली आल्या. जावा आल्या. आम्ही सातजणी झालो. काकांनी देवळाच्या पायरीपासून पावलं मोजली, टाच आपटली, "इथं," म्हणाले. मजुरांच्या घोळक्यात एक बाई होती. तिनं काही न विचारता आपली पहार माझ्या हातात दिली आणि स्वतः फावडं घेतलं. इंजिनिअर धावत आला. "अहो ताई, हे काय? असं नाही करता येणार!" शिकवणीवाल्या बाईंनी त्याला, "तू जरा बाजूला उभा राहा," असं ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजाला तो शाळेत असल्यासारखा बाजूला झाला.

हातभर मातीखाली ओंडका लागला. पहार घालून आम्ही चौघींनी जोर लावला. माझ्या तळहाताला फोड आला आणि फुटला, ते नंतर कळलं. ओंडका करकरला, उचलला, बाजूला कलला. खालून थंड वाफ आली. ओल्या दगडाचा, कोंडलेल्या पाण्याचा वास. इंजिनिअर वाकला. त्यानं एक खडा आत टाकला. तो पडल्याचा आवाज यायला क्षणभर लागला.

"बापरे," तो म्हणाला. "केवढं जुनं आहे हे?"

"तुझ्या ड्रॉइंगपेक्षा जुनं," काका म्हणाले.

त्यानं तिथंच उभं राहून फोन लावला. "सर, खाली बांधकाम आहे. दगडी आहे सर. नाही, माझ्या डोळ्यांनी बघतोय." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. हा मान हलवत होता. शेवटी त्यानं ड्रायव्हरला हात करून गाडी मागं घ्यायला लावली. काँक्रीट पुढं आठवड्यानं पडलं, रहाडीच्या चारी बाजूंनी चौकट सोडून.

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं. संध्याकाळी पुरुष कामावरून आले आणि चौकातले दोघे जुनेजाणते काकांच्या दारात गेले. "बायकांचे हात लागले. आता काय करायचं?"

"उघडताना हात चालले," काका म्हणाले, "तर पंचमीला पाय का नाही चालणार?"

दोघांपैकी एक पुढं त्यांच्याशी बोललाच नाही. पण त्या रंगपंचमीला पहिला तास बायकांचा झाला. चुलीवर मोठी कढई चढली होती. पेठ तालुक्याकडची एक बाई पळसाची वाळलेली फुलं पोतं भरून आणायची, ती त्यात उकळत होती. काका कढईभोवती फेऱ्या मारत होते, वाफेवर कोपर धरून बघत होते. "हं. अजून दोन लाकडं." कुणीतरी गंमत म्हणून थर्मामीटर आणला. "कशाला? तिला ताप आलाय का?" मग मी काठावर उभी राहिले. केशरी पाणी खाली कुठंतरी हलत होतं. मी नाक दाबलं आणि स्वतःला सोडून दिलं. वर आले तेव्हा चौक गरजत होता, आणि काका मात्र कढईकडं तोंड करून लाकडं सारत होते.

त्याच पावसाळ्यात ते जिन्यावरून पडले. खुबा मोडला. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. काठीवर चालायला लागले तसे फोन सुरू झाले.

"नवव्या मजल्यावर आहे मी. इथं जमीनच नाही गं. टाच आपटली तर खालचा माणूस वर भांडायला येतो."

मी हसायचे. ते हसायचे नाहीत.

पुढची रंगपंचमी त्यांनी फोनवरून केली. चुलीशी उभ्या असलेल्या माणसाच्या कानाला माझा मोबाइल लावून ठेवला होता आणि काका पुण्यातून हुकूम सोडत होते. नंतर दिवाळीच्या आधी एकदा दुपारी त्यांचा फोन आला. "सटाणेवाली, कागद घे. रंगाचं लिहून घे सगळं. हाताला ठाऊक आहे, पण हात किती दिवस पुरणार?" मी पाठकोऱ्या कागदावर लिहायला लागले. फुलं आदल्या दुपारी भिजत घालायची. तांब्याच्या भांड्यात नाही, लोखंडी कढईत. उकळी फुटली की तुरटी, म्हणजे रंग अंगाला धरतो. एवढ्यात दुकानात कॉलेजची पोरं शिरली, फॉर्मची शेवटची तारीख होती. "काका, तुरटी किती ते उद्या सांगा. रांग लागली आहे."

"सांगतो. मी कुठं जातोय?"

उद्या मीच फोन केला नाही. परवाही केला नाही. भाऊबीज झाली आणि मुलाचा फोन आला. पहाटे गॅलरीत फेऱ्या मारत होते म्हणे, तिथंच गेले.

या रंगपंचमीला कढईभोवती आम्ही बायकाच होतो. कागद माझ्या हातात होता. शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, तुरटी मूठभर. जावा म्हणाल्या, एवढ्याशानं काय होतंय, ओंजळभर टाका. पेठवाल्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "मी फुलं देते, बाई. रंग तर तेच करायचे." गेल्या वर्षी चुलीशी उभ्या असलेल्या माणसाला काकांचं 'टाक, टाक, आता बस' एवढंच आठवत होतं. शेवटी अंदाजानं टाकली. रंग दिसायला तोच दिसला. धप्पे झाले, आरडाओरडा झाला, पोरं रात्रीपर्यंत केशरी फिरत होती.

पळसाचा रंग एरवी आठ-आठ दिवस अंगावरून जात नाही. तिसऱ्या दिवशी मी शटर उघडलं, मशीन सुरू केलं आणि कागद उचलताना हातांकडं लक्ष गेलं. नखांत नाही, रेषांत नाही, कुठंच काही नव्हतं. समोरच्या बाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी आपले दोन्ही हात काउंटरवर माझ्यापुढं पसरले. तेही स्वच्छ होते.