एका पायावरची फौज

पडलेल्या माणसाकडे किस्से भराभर साठतात. भेटायला येणारा प्रत्येकजण आधी विचारतो, "कसे पडलात?" आणि उत्तर न ऐकताच स्वतःचं पडणं सांगायला लागतो!

मी सांगलीच्या कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं आणि रिटायर झाल्यावर न्हाणीघरात पडलो. मिरजेच्या डॉक्टरांनी मांडीचं हाड जुळवलं. साताऱ्याहून मुलीची पत्रं यायची, 'बाबा, नातीला बघायला कधी येता?' पण एसटीच्या त्या उंच पायरीवर एक पाय टाकला आणि दुसरा उचललाच नाही तर?

डॉक्टर म्हणाले, "सर, हाड भरलं. भीतीला माझ्याकडे प्लॅस्टर नाही. सुभेदारांच्या वर्गाला जा."

*

सुभेदार म्हणजे पेन्शनीत निघालेले साताऱ्याकडचे फौजी. तालमीच्या अंगणात रोज सकाळी म्हाताऱ्यांना तोल सांभाळायला शिकवत. नुसतं एका पायावर उभं राहून भागत नसे, डोकंही चालवायला लागे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पाय उचला, आन् साताऱ्यापासनं सांगलीपर्यंत गाडीचे थांबे म्हणा."

मी विचारलं, "जलद गाडीचे की साध्या?"

"आवं सर, तंवर गाडी सुटली!"

*

माझ्या जोडीला हळदीचे अडते बापू. एकमेकांचा हात धरून एकेक पाय उचलायचा. आता हळदीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. माझा तोल गेला आणि मी बापूंची चार बोटं गच्च आवळली.

बापू खवळले. "सर, या भावात आपुन हळद देत न्हाई!"

*

घरी दात घासतानाही मी एका पायावर. आठवडाभर बघून बायको म्हणाली, "अहो, एवढं तप चाललंय, तर निदान काही मागा तरी!"

मी मनातल्या मनात एसटीची पायरी मागितली.

*

शेवटी परीक्षा आली. सुभेदारांचा हुकूम झाला, "समदे थांबे म्हणंस्तवर पाय टेकला न्हाई, तर सर एकटे साताऱ्याला जातील. टेकला, तर आनकी म्हैनाभर हितंच!"

बापू बाजारात होते. बाकी सगळे जुने फौजी. मला धीर यावा म्हणून सगळ्यांनीच एकेक पाय उचलला. मी नेहमीप्रमाणे समोरच्या भिंतीवरच्या चुन्याच्या ठिपक्यावर नजर लावली.

"सातारा... उंब्रज... कराड..." पाय लटपटायला लागला. पुढचं गाव काही आठवेना.

तेवढ्यात शेजारच्या शाळेच्या मैदानातून पीटीच्या मास्तरांचा आवाज कडाडला, "विश्राम!"

धप्प! धप्प! धप्प!

"पेठ... इस्लामपूर... आष्टा... सांगली!"

मान वळवून बघतो, तर सगळी फौज पाय फाकून, हात पाठीमागे बांधून उभी. सुभेदारसुद्धा! एका पायावर मी एकटाच. मला वाटलं, चूक माझीच असणार.

"सुभेदार, माझं काही चुकलं का?"

सुभेदारांनी हात पाठीमागेच ठेवले. समोर बघत म्हणाले, "सर, साताऱ्याची गाडी साडेआठला हाय."