आत्याचा कोतवाल

आमचे बाबा म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते आणि त्यांनाही ते कबूल आहे. या माणसाचं अर्धं बोलणं सोडून द्यायचं असतं. पण आत्याला ते जमलं नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेला, सासरच्यांनी घर विकलं, तेव्हा एक ट्रंक आणि एक बदक घेऊन ती आमच्या दारात उभी राहिली. बदक नर होतं. त्याची आई पांढरी, बाप तळ्यावरचं रानबदक. अंगाने काळा, डोक्यावर हिरवी झाक, छातीवर तेवढा पांढरा ठिपका. "एवढंच आईचं घेतलंय मेल्याने," आत्या कौतुकाने म्हणायची. अंगणभर गस्त घालायचा, घोगऱ्या आवाजात सगळ्यांवर खेकसायचा, म्हणून मी त्याला कोतवाल म्हणायला लागले.

आमची बदकं मात्र पांढरीशुभ्र. पिसं रजईवाल्याकडे जातात आणि रजईवाला भारी चोखंदळ. पांढऱ्या खोळीतून काळं पीस दिसलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. पांढऱ्या मादीला काळा नर लागला की पिल्लं काळी निघतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कोतवालाला बघून बाबांनी कपाळाला हात लावला. "ताई, याला जाळीत कोंड. उबवणीच्या पेटीतून एक जरी काळं पिल्लू निघालं ना, तर हा सरळ खाटकाकडे!" एवढं बोलून ते जेवायला बसले आणि विसरून गेले.

आत्या नाही विसरली.

एका दुपारी जाळीची कडी निघाली. आत्या धावत गेली तेव्हा कोतवाल हौदात, पांढऱ्या माद्यांच्या घोळक्यात! तिने त्याला ओढून काढलं, फक्त मला सांगितलं आणि वर कुणाला न सांगण्याची शपथ घातली. पुढे त्याच माद्यांची अंडी बाबांनी पेटीत ठेवली, आणि आत्याच्या जिवाला घोर लागला. अंडं दिव्यासमोर धरून बघायची. आत हललेलं दिसायचं, पण रंग थोडाच दिसतो! "काळं निघालं तर काय गं होईल?" उठता-बसता हेच. "काही होत नाही गं," मी वैतागून म्हणायची. ते ऐकून शेजारीण कुंपणावरून हसत म्हणाली, "खाण तशी माती, दुसरं काय निघणार?" त्या दिवशी आत्या जेवली नाही. एरवीही सख्ख्या भावाच्या घरात ती पाहुण्यासारखीच जेवायची. भाजी दुसऱ्यांदा मागायची नाही, ताट स्वतःच घासून ठेवायची. माझा जीव तुटायचा.

अंडी फुटायला लागली तेव्हा मी शिवणाच्या दुकानात होते आणि बाबा दाणा आणायला गेले होते. संध्याकाळी मी घरी आले तर बाबा पेटीपुढे बसून हसतायत. "बघ, एकजात पिवळी! आता पांढरीच होणार सगळी."

तेवढ्यात आत्या फाटकातून आत आली. हातात रिकामी टोपली.

"पिवळी?" ती पेटीजवळ खालीच बसली. "सकाळी काळं निघालं होतं. मी या डोळ्यांनी पाहिलं. काळपट, चिकट."

"अगं ताई, ओलं असेल. ओलं पिल्लू तसंच दिसतं. वाळलं की पिवळं."

आत्याने जन्मभर काळीच बदकं पाळलेली; पांढरी ती एकटी कोतवालाची आई, आणि तिचीही पिल्लं काळीच निघालेली. पिवळं पिल्लू ओलं असताना कसं दिसतं, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

टोपलीच्या तळाशी शेपटीचं एक वळलेलं काळं पीस अडकलं होतं.

"आत्या, कोतवाल कुठाय?"

"दिला नेऊन," ती म्हणाली. "खाटकाकडे. म्हटलं, भावाला कशाला पुन्हा बोलायला लावायचं."

बाबा तसेच अनवाणी धावले. परत आले ते रिकाम्या हातांनी. "ताई, अगं, मी आपलं रागात बोललो. मला आठवतसुद्धा नव्हतं गं!" मला त्यांचा असा संताप आला की दोन शब्द सुनावावेत, पण त्यांचा चेहरा बघवेना.

आत्या रडली नाही. तिने एक पिल्लू ओंजळीत घेतलं आणि बोटाने त्याच्या पाठीवरची लव उलटीसुलटी करून बघितली.

"सगळी पांढरीच आहेत ना रे?"

"हो, ताई."

"मग मी इथं राहिले तर चालेल ना?"

त्या रात्री बाबांनी तिच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा भाजी वाढली.